टॉवर गोठू नये म्हणून

हॅमिल्टन, ४ जानेवारी २००४

ती. चारुदत्तमामांना,

दोन स्वेटर, तीन जोड मोजे आणि एक माकडटोपी यांच्या आतून उल्काचा नमस्कार!

तुम्ही मला ओळखणार नाही. मी तुमच्या मामेबहिणीची, कुंदाची, धाकटी मुलगी. तुम्ही नागपूरला आला होतात तेव्हा मी सहा वर्षांची होते आणि तुमच्या बुटांत गोट्या भरून ठेवल्या होत्या, असं आई सांगते. त्याबद्दल आत्ता माफी मागते, कारण मला तुमची फार गरज आहे. फोनच केला असता, पण आई म्हणाली, "चारूला फोनवर ऐकू येत नाही, तो नुसता हो-हो म्हणतो. पत्र लिही."

आधी बातमी. मला नोकरी लागली! खरी, इंजिनियरची! इथे येऊन पावणेदोन वर्षं झाली, त्यातलं एक वर्ष मी कॉफीच्या दुकानात लोकांचे कप भरत होते. ऑक्टोबरपासून हार्बरजवळच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात प्रोसेस इंजिनियर आहे. मार्चअखेरपर्यंत प्रोबेशन.

मी सगळ्यांत नवीन, म्हणून कोणालाच नको असलेली वस्तू माझ्या वाट्याला आली, कूलिंग टॉवर. तुम्हाला काय सांगायचं, पण मला सांगायची हौस आली आहे. आपला नागपूरचा कूलर, फक्त तीन मजली! कारखान्यातलं गरम पाणी वर चढतं, प्लास्टिकच्या जाळ्यांवरून खाली पडतं, डोक्यावरचा पंखा बाजूच्या पट्ट्यांतून हवा ओढतो, थोडं पाणी वाफ होऊन उडतं आणि उरलेलं गार होऊन हौदात जमतं. मे महिन्यात आपण कूलरपुढे बसून म्हणायचो, "अजून गार कर रे बाबा." इथे मी रोज हात जोडून म्हणते, "पुरे कर रे बाबा!" कारण हवाच उणे अठरा. टॉवरच्या पट्ट्यांना बर्फाची दाढी फुटली आहे. ख्रिसमसला वीतभर होती, आज माझ्या कमरेएवढी आहे.

टॉवरला दोन कप्पे आहेत. डिसेंबरात कारखान्यातली एक लाइन दुरुस्तीला बंद झाली, त्यामुळे टॉवरकडे येणारी उष्णता निम्मी झाली. तेव्हा कोणीतरी दोन्ही कप्प्यांतलं पाणीही निम्मं केलं. पाणी कमी तर बर्फ कमी, बरोबर ना? पण बर्फ वाढतोच आहे. मागच्या हिवाळ्यात बर्फाच्या वजनाने एका बाजूच्या जाळ्या कोसळल्या, कारखाना नऊ दिवस बंद पडला आणि तेव्हाच्या इंजिनियरला जावं लागलं. त्याच्याच खुर्चीवर मी बसते. आमची प्लँट मॅनेजर ब्रेंडा पहिल्याच दिवशी म्हणाली, "उल्का, या विंटरला मला ऑइल पाहिजे, आइस नको."

नागपुरात सगळे सांगतात, चारुदत्त कॅनडात चीफ इंजिनियर होता, मोठ्या हॉस्पिटलचे टॉवर त्याच्या हाताखाली होते. मग मला सांगा, मी काय करू?

भीती वाटते आहे मामा, पण खोटं कशाला बोलू, मजाही फार येते आहे. सकाळी ऊन पडलं की टॉवरची वाफ गुलाबी होते आणि पापण्यांना बर्फ लागलेल्या अवस्थेत मी एकटीच ओरडते. मला वाटतं, सगळ्यांना वाटतं मी जराशी ही आहे.

तुमची
उल्का


हॅलिफॅक्स, १० जानेवारी २००४

चि. उल्का हिला,

बुटांतल्या गोट्यांसकट सर्व गुन्हे माफ करून आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा मोठ्याने वाचायला लागलो तेव्हा जयंती म्हणाली, "लग्नाची पत्रिका आल्यासारखे काय नाचताय?" पोरी, रिटायर होऊन चार वर्षं झाली. चार वर्षांत मला कोणी टॉवरबद्दल एक प्रश्न विचारला नाही. लोक विचारतात, तब्येत कशी आहे. तब्येतीत विचारण्यासारखं काय असतं!

आता ऐक. ज्याने पाणी निम्मं केलं तो गाढव आहे. पाणी नुसतं पाणी नसतं, त्याच्या अंगात कारखान्याची ऊब असते. भरपूर पाणी धो धो पडलं तर ती ऊब घेऊन खालपर्यंत पोचतं. बारीक धार सोडलीस तर ती वाटेतच गारठते, जाळीच्या कडेला चिकटते, तिच्यावर दुसरी चिकटते, आणि तुझी दाढी वाढते. हिवाळ्यात टॉवरला अर्धपोटी ठेवायचं नसतं. एक तर पोटभर, नाही तर कडकडीत उपास! एक कप्पा बंद कर, त्यातलं पाणी काढून टाक. सगळं पाणी दुसऱ्या कप्प्यावर सोड. पंखा हळू कर, तरी बर्फ दिसला तर बंद कर, वारा आपला आपण वाहतो. हौदातला हीटर चालतो का हात लावून बघ, कागदावर बघू नकोस. आणि कोणी पहार घेऊन बर्फ फोडायला निघाला तर त्याच्या हातातून पहार काढून घे. बर्फ फुटायच्या आधी जाळ्या फुटतात.

माझ्या कामाबद्दल नागपूरकर जे सांगतात त्यात फार जाऊ नकोस. जुन्या गोष्टी.

हे सगळं मी घरी करून बघणार आहे. सामान जमवलं आहे. जयंतीला याबद्दल काही लिहू नकोस.

तुझा
चारुदत्तमामा


हॅमिल्टन, १६ जानेवारी २००४

ती. मामांना,

गाढवाचा साष्टांग नमस्कार.

तो "कोणीतरी" मीच! तुमचं पत्र मी लंचरूममध्ये उघडलं आणि त्या ओळीवर माझं सूप नाकातून आलं. पहिल्या पत्रात लाज वाटली म्हणून कोणीतरी लिहिलं. कागदावर गणित इतकं सुरेख सुटलं होतं हो!

मग मी आमच्या गॉर्डकडे गेले. गॉर्ड म्हणजे टॉवरचा सगळ्यांत जुना ऑपरेटर, बत्तीस वर्षं इथेच. त्याला तुमचं म्हणणं सांगितलं. तो म्हणाला, "बरोबर आहे." मी म्हटलं, "मग तू मला महिनाभर का नाही सांगितलंस?" तर म्हणतो, "नोबडी आस्क्ड." मामा, मी त्याला बर्फात गाडणार होते, पण जमीन फार कडक आहे.

दोघं मिळून ब्रेंडाकडे गेलो. तिने शांतपणे ऐकलं. म्हणाली, "दोन्ही कप्पे चालू असले तर एक पडला तरी दुसरा हाताशी असतो. कन्सल्टंटनी तसं लिहून दिलंय. तू इथे येऊन तीन महिने झाले. मी कोणाच्या शब्दावर हे बदलू?" मी म्हटलं, माझे मामा हॅलिफॅक्सला चीफ इंजिनियर होते. ती म्हणाली, "मग त्यांच्याकडून लेखी आण. रजिस्टर्ड इंजिनियरचा शिक्का मारून. मी लगेच करते."

मी तिच्या ऑफिसातच उडी मारली! एका शिक्क्याचं तर काम! मामा, एक पानभर पत्र, खाली सही, वर तुमचा शिक्का, आणि मी वाचले. लवकर पाठवा हं. महिनाअखेरीला उणे पंचविसाचा अंदाज आहे आणि दाढी आता माझ्या खांद्याला लागते.

तुमची (बिनशेपटीची गाढवीण)
उल्का


हॅलिफॅक्स, २१ जानेवारी २००४

चि. उल्काला जयंतीमामीचा आशीर्वाद.

हे पत्र यांना न सांगता लिहिते आहे. आपली ओळख नाही, पण तुझ्यामुळे माझी बाल्कनी गेली आहे, तेव्हा लिहिण्याचा मला हक्क आहे.

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मागच्या शनिवारी यांनी बाल्कनीत दुधाचे प्लास्टिकचे क्रेट एकावर एक रचले, दोन मनोरे केले. शेजारणीकडून मासे पाळायच्या टाकीचे दोन पंप आणले, माझा टेबलफॅन नेला, शॉवरचं तोंड काढून नेलं. एका मनोऱ्यावर जोराची धार, दुसऱ्यावर बारीक. वीस मिनिटांत बारीक धारवाला मनोरा पांढरा झाला. हे टाळ्या वाजवत आत आले. "गोठला! जयंती, गोठला!" मग जेवायला बसले आणि पंप बंद करायचं विसरले.

दुपारी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या. आमच्या बाल्कनीतून त्यांच्या बाल्कनीत माणसाएवढा बर्फाचा सुळका उतरला होता. आमचं बाल्कनीचं दार तर उघडेचना. सुपरिंटेंडंट नोटीस घेऊन आला. यांनी त्याला पाऊण तास बाष्पीभवन समजावलं. आता तो रोज येतो, नोटीस विसरला आहे, विचारतो, "एनी रिझल्ट्स?"

इतकं हसवून झाल्यावर खरं लिहिते. परवा तुझं दुसरं पत्र आलं आणि हे एकदम गप्प झाले. पत्र मला दाखवलं नाही. टेबलाशी बसतात, लिहितात, चुरगळून टाकतात. टोपलीत अकरा बोळे मोजले. मी उलगडून पाहिले, सगळ्यांवर फक्त "चि. उल्का हिला" एवढंच. तू काय विचारलंस गं?

जयंतीमामी


हॅमिल्टन, २५ जानेवारी २००४

ती. मामांना,

चुकलं माझं. मामींच्या पत्रावरून कळलं, तुम्ही दुखावलात. तुमच्यासारख्या मोठ्या माणसाकडे मी शिक्का मागितला, जसं काही रेशनच्या दुकानात आले आहे. एवढ्या हुद्द्यावर काम केलेल्या माणसाचा शब्द पुरेसा असायला हवा होता. शिक्का नको. रागावू नका एवढंच.

इथलं सांगते. काल एका कप्प्याच्या पट्ट्या बर्फाने पूर्ण बुजल्या. आतल्या जाळ्या वाकल्यासारख्या दिसतात. गॉर्ड म्हणतो, बुधवारी थंडीची लाट आली की बसणार. ब्रेंडा कन्सल्टंटला फोन करते आहे, तो फ्लोरिडात आहे.

कागदाच्या वर कारखान्याचा फॅक्स नंबर आहे. हे पत्र एक्सप्रेसने टाकते आहे. दोन ओळी चालतील.

उल्का


फॅक्स. हॅलिफॅक्स, कोपऱ्यावरचं औषधाचं दुकान, २७ जानेवारी २००४

उल्का,

मी रागावलेलो नाही. मी लपून बसलो होतो.

माझ्याकडे शिक्का नाही. कधीच नव्हता. मी चीफ इंजिनियर नव्हतो. १९६९ साली डिग्री घेऊन इथे उतरलो, दोन वर्षं दारं ठोठावली, शेवटी हॉस्पिटलच्या बॉयलर-घरात ऑपरेटर म्हणून लागलो. निळा ओव्हरऑल, कानात कापूस, हातात पाना. एकोणतीस वर्षं. परीक्षा देत देत सेकंड क्लासचं, म्हणजे वरून दुसऱ्या पायरीचं, लायसन्स मिळवलं. इथे त्या कामाला स्टेशनरी इंजिनियर म्हणतात, एका जागी बसवलेल्या यंत्रांवर काम करणारा म्हणून. मी घरी तसंच कळवलं. बाबांचं उत्तर आलं, "वह्या-पेन्सिलींच्या कारखान्यात कसला रे इंजिनियर?" मी खुलासा केला नाही. काही वर्षांनी बाबांनीच लोकांना चीफ इंजिनियर सांगायला सुरुवात केली. बढाई मारतात म्हणून मला त्यांचा राग यायचा, आणि खोडून काढायची हिंमतही व्हायची नाही. ते गेले, बढाई राहिली. नागपुरात हे कोणालाही माहीत नाही. जयंती सोडून पहिल्यांदा तुला सांगतो आहे.

पण टॉवर मला माहीत आहे. एकोणतीस हिवाळे मी तो हाताने सांभाळला, त्यावर शिक्का लागत नाही. आता नीट वाच.

आधी जास्त गोठलेला कप्पा बंद करा, पाणी पूर्ण काढा. सगळं पाणी चांगल्या कप्प्यावर. पंखा थांबवा, पाती पूर्ण थांबू द्या. मग पंखा उलटा फिरवायची सोय असेल तर सगळ्यांत कमी वेगावर उलटा, एक मिनिट, जास्त नाही. वरची ऊब पट्ट्यांतून बाहेर पडेल आणि बर्फ सुटेल. खाली कोणी उभं राहू नका. पंखा थरथरला तर लगेच थांबवा, पात्यांवर बर्फ चढला असं समजा. आणि काहीही झालं, कोणीही ओरडलं, तरी पाणी बंद करू नका. पाणी थांबलं की संपलं.

हा कागद ब्रेंडाला दाखवायचा की नाही, ते तू ठरव.

चारुदत्त, स्टेशनरी इंजिनियर, सेकंड क्लास


हॅमिल्टन, १ फेब्रुवारी २००४

मामा! मामा! मामा!

आता सुरुवातीपासून सांगते, नाही तर मी नुसती ओरडतच राहीन.

फॅक्स मशीनमधून तुमचं अक्षर सरकत बाहेर आलं तेव्हा ब्रेंडा शेजारीच उभी होती. म्हणाली, "वाच." मी एकेक वाक्य इंग्रजीत करून वाचायला लागले. "मी चीफ इंजिनियर नव्हतो" इथे आले आणि अडकले. वाटलं, गाळावं. पण पुढची सगळी वाक्यं त्याच वाक्यावर उभी होती. वाचलं. सगळं वाचलं.

गॉर्डही दाराशी उभा राहून ऐकत होता. त्याने हेल्मेट काढलं. "सेकंड क्लास? मी वीस वर्षं सेकंडची परीक्षा देतोय, तीनदा नापास झालोय." मग ब्रेंडाकडे वळून म्हणाला, "हा माणूस सांगतो तसं करा." ब्रेंडा म्हणाली, "तू याखाली सही करशील?" त्याने खिशातला जाड मार्कर काढला आणि तुमच्या नावाखाली सही केली. त्याखाली मी केली. ब्रेंडाने कागद परत माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "गो."

बुधवारी सकाळी उणे चोवीस. बंद करायच्या कप्प्याचा व्हॉल्व्हच गोठलेला! लंचरूममधल्या सगळ्या केटल्या चालू केल्या. पॅकिंगच्या बायका, अकाउंट्सवाले, सगळे ओळीत उभे, हातोहात गरम पाणी. कोणीतरी घाईत कॉफीचा जग पुढे सरकवला आणि गॉर्डने तोही व्हॉल्व्हवर ओतला. व्हॉल्व्हला कॉफी चालते, मामा. तो फिरला!

सगळं पाणी एका कप्प्यावर आलं तसा आवाजच बदलला. आधी कुरकुर होती, आता गर्जना. पंखा थांबवला, उलटा फिरवला. वाफ वरून जायची ती चारी बाजूंनी बाहेर आली, अख्खं आवार पांढरं, मला माझा हातमोजा दिसेना. आणि त्या पांढऱ्यात कडाड् कडाड्! पट्ट्यांवरचा बर्फ दारं निखळावीत तसा पडत होता. मी टाळ्या वाजवत होते, पण जाड हातमोज्यांमुळे आवाजच येत नव्हता.

दुसऱ्यांदा उलटा फिरवला तेव्हा पंखा थरथरला आणि आपोआप बंद पडला. अलार्म. हातातल्या रेडिओवर ब्रेंडा ओरडली, "पाणी बंद करा, टॉवर थांबवा!" गॉर्डचा हात व्हॉल्व्हवर. आणि मी काय ओरडले असेन? मराठीत ओरडले! "पाणी बंद करू नका!" गॉर्ड माझ्याकडे बघत राहिला. त्याला शब्द कळले नाहीत, पण हात थांबला. मग मी रेडिओवर म्हटलं, "ब्रेंडा, फुल फ्लो, नो फॅन. मी सांगते म्हणून." तुम्ही सांगता म्हणून नाही म्हटलं, मामा. मी सांगते म्हणून म्हटलं.

चाळीस मिनिटं हौदाच्या थर्मामीटरपुढे उभे राहिलो. सहा. सात. सात. सातच. मग नऊ. मग बारा! पट्ट्यांच्या कडेने पहिला थेंब गळला तेव्हा गॉर्डने मला उचलून गोल फिरवलं, आणि तो माणूस एरवी गुड मॉर्निंगसुद्धा म्हणत नाही. शुक्रवारपर्यंत सगळी दाढी उतरली, पंख्याच्या पात्यांवरचाही बर्फ वाफेने गेला, पंखा पुन्हा फिरला. आतल्या जाळ्यांचे दोन तुकडे मोडलेत, बाकी सगळं शाबूत. कारखाना एक मिनिटही थांबला नाही.

ब्रेंडा शाबास वगैरे म्हणत नाही. तिने विचारलं, "तो सेकंड क्लासवाला माणूस मार्चमध्ये दोन दिवस येईल का? सगळ्या शिफ्टच्या लोकांना शिकवायला?"

याल ना? तुम्ही सांगितलेलं नागपूरला माझ्याकडून जाणार नाही. पण मामा, मला त्यात लपवण्यासारखं काय आहे तेच कळत नाही.

तुमची
उल्का


हॅलिफॅक्स, २६ फेब्रुवारी २००४

चि. उल्का हिला,

गळ्यापर्यंतच्या बर्फातून आशीर्वाद.

उत्तराला उशीर झाला. आधी मी विचार करत होतो, मग वादळ आलं. सप्टेंबरात इथे हुआन नावाचं चक्रीवादळ आलं होतं, म्हणून रेडिओवाले याला व्हाइट हुआन म्हणतात. एका दिवसात तीन फूट. खालचं दार उघडलं तर समोर पांढरी भिंत. पोस्ट बंद, बस बंद, फेरी बंद. सुपरिंटेंडंट आणि मी दोन दिवस शोव्हल करत होतो. जयंती खिडकीतून ओरडत होती, "सदुसष्ट वर्षांचे आहात!" मला तर सत्तावीस वर्षांचा असल्यासारखं वाटत होतं.

तुझं पत्र किती वेळा वाचलं ते सांगत नाही. "मी सांगते म्हणून" या ओळीशी मी दर वेळी उठून उभा राहतो.

हॅमिल्टनला येईन. पण तिथे मला चीफ म्हणायचं नाही. आणि तिथे नाही तर मग नागपूरलाही नाही. शीलाताईला, माझ्या थोरल्या बहिणीला, सगळं खरं लिहिलं. ते पत्र घेऊन बर्फातून पोस्टाच्या पेटीपर्यंत तीनदा गेलो आणि तीनदा परत आलो. आज चौथ्यांदा टाकलं. टाकल्यावर पेटीत हात घालून बघितलं, निघतंय का. निघत नाही.

ती काय म्हणेल याची धास्ती आहे. ताई आता चौऱ्याहत्तरची आहे, आणि बाबांवर तिचा फार जीव होता.

चारुदत्तमामा


हॅमिल्टन, २० मार्च २००४

प्रिय मामी,

मामा पोचलेच असतील. तरीही मी लिहिते, कारण स्वतःबद्दलचं काहीही ते तुम्हाला धड सांगणार नाहीत.

सोमवारी सकाळी ट्रेनिंग रूममध्ये चौदा ऑपरेटर बसले होते, हाताची घडी घालून, आणखी एक लेक्चर ऐकायला. ब्रेंडा ओळख करून द्यायला उठली, पण मामाच पुढे झाले. म्हणाले, "माय नेम इज चारुदत्त. स्टेशनरी इंजिनियर, सेकंड क्लास. ट्वेंटी-नाइन विंटर्स." एवढंच. मामी, चौदा जणांच्या घड्या सुटल्या. खुर्च्या पुढे सरकल्या. तीन तास प्रश्न! बर्फ आधी कुठे धरतो, टॉवर बंद करून पुन्हा चालू करताना पाणी आधी थेट हौदात सोडून गरम का करून घ्यायचं, हीटर खोटं कसं बोलतो. मामा फळ्यावर टॉवर काढायचे आणि गोठणाऱ्या जागी खडूने इतका जोर लावायचे की खडू मोडायचा. सात खडू मोडले.

दुपारी म्हणाले, वर चढायचं. मी नाही म्हटलं, ब्रेंडा नाही म्हणाली. ते शिडीवर होतेसुद्धा. मागे गॉर्ड, त्याच्यामागे मी. वर पंख्याच्या कठड्याशी उभं राहून त्यांनी डोळे मिटले आणि दोन्ही हात वाफेत धरले. मला वाटलं, चक्कर आली. विचारलं, "मामा, काय होतंय?" म्हणाले, "गप. ऐकू येतंय मला." फोन ऐकू येत नाही त्या माणसाला पंख्याचं बेअरिंग ऐकू येत होतं. आणि खरंच, एक बेअरिंग जाण्याच्या बेतात निघालं!

गॉर्ड मे महिन्यात सेकंड क्लासला चौथ्यांदा बसतो आहे. मामा त्याला पत्राने शिकवणार आहेत, इंग्रजीत. आणि मामी, ब्रेंडाने काल मला बोलावून प्रोबेशन दहा दिवस आधीच संपल्याचं पत्र दिलं. मी बाहेर येऊन टॉवरला मिठी मारली. गालाची साल निघाली, पण मारली.

तुमची
उल्का


हॅलिफॅक्स, १२ एप्रिल २००४

चि. उल्काला,

जयंतीमामीचा खूप खूप आशीर्वाद, आणि अभिनंदन. टॉवरला मिठी मारण्यापेक्षा एखादा बरा मुलगा बघ, पण तो विषय नंतर.

शीलाताईंचं पत्र आलं. हे पाकीट घेऊन तासभर घरात फिरले. मग माझ्या हातात दिलं. "तू वाच. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहतो." मी वाचलं. तुला तसंच उतरवून पाठवते.

"चारू, तुझं पत्र वाचलं आणि कपाळाला हात लावला. अरे, आम्हाला १९७६ पासून माहीत आहे! आपल्या शेजारचा दीनानाथ जहाजावर नोकरीला होता, आठवतो? त्याची बोट हॅलिफॅक्सला लागली, तो पोट दुखतं म्हणून तुझ्याच हॉस्पिटलात आला, आणि त्याने तुला निळ्या ओव्हरऑलमध्ये, तोंडाला काजळी लागलेला, बर्फ झटकत येताना पाहिलं. तू घाईत होतास, तुझं लक्ष नव्हतं. त्याने इथे येऊन बाबांना सांगितलं. बाबा दोन दिवस कोणाशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, 'त्या बर्फाच्या देशात पाचशे आजारी माणसं उबेत झोपतात ती आमच्या चारूच्या जिवावर. डॉक्टर येतात, डॉक्टर जातात, हा जागचा हलत नाही. ह्याला चीफ नाही म्हणायचं तर कोणाला म्हणायचं?' तेव्हापासून घरात तोच हुद्दा. बढाई कसली रे? त्यांना तसंच वाटायचं. आणि आम्हाला वाटायचं, आम्हाला माहीत आहे हे तुला माहीत आहे. तू तो ओव्हरऑल अठ्ठावीस वर्षं लपवत होतास होय? वेडा कुठला!"

वाचून झालं. हे खिडकीशी पाठमोरे. खांदे हलत होते. मला वाटलं, रडतायत. मी जवळ गेले तर काय, हसत होते! आवाज न करता, तोंड उघडं टाकून, डोळ्यांतून पाणी. "अठ्ठावीस वर्षं, जयंती! प्रत्येक फोटोच्या आधी मी कपडे बदलायचो!" म्हणाले आणि भिंतीला टेकून खालीच बसले. मीही बसले, गुडघे दुखतात तरी. "आणि दीनानाथ! पोट दुखतं म्हणून!" पुन्हा सुरू. स्टोव्हवर कुकर होता. तीन शिट्ट्या झाल्या, पाच झाल्या, आठ झाल्या. दोघांपैकी कोणालाच उठता येईना.

भाताची पार पेज झाली. तीच वाटीत घेऊन, जमिनीवरच बसून, तूप-मीठ घालून ओरपली, मधेच एकमेकांकडे बघून पुन्हा फिसकन हसत.

तुझी
जयंतीमामी